भुताचं बेट आणि सात-बारा



गळीत हंगाम आटोपला, उसाचं बिल खात्यावर जमा झालं, की आपल्या भागात जमिनीच्या बोलण्या सुरू होतात. कुणाची जमीन महामार्गात गेलेली असते, त्याचा मोबदला बँकेत पडून असतो. पैसा घरात राहिला की त्याला पाय फुटतात हे घरची कारभारीण जाणून असते, म्हणून तीच म्हणते, काहीतरी काळी आई घेऊन टाका. पण अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत कालव्याखालच्या जमिनीला आता हात लावता येत नाही. मग एखादा मध्यस्थ कानाशी लागतो. गोदावरीच्या पात्रात बेट आहे, आठ-दहा एकर भरेल, सगळी गाळाची माती, आणि भाव काठावरच्या जमिनीच्या निम्म्याहून कमी. निम्म्यात का म्हणून विचारलं तर तो आवाज उतरवून सांगतो, "तिथं आहे." काय आहे ते कुणीच मोठ्यानं बोलत नाही.

असं बेट घ्यावं की न घ्यावं, हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. त्यात एका घराची आयुष्याची पुंजी जाऊ शकते. म्हणून या लेखात त्या 'आहे'विषयी थोडं आणि बाकीच्या गोष्टींविषयी जास्त लिहिलं आहे.

नदीतल्या बेटाला असं नाव का पडतं, यात फारसं गूढ नाही. पुरात वाहून आलेलं मढं बेटाच्या वरच्या टोकाला बाभळीच्या जाळीत अडकतं. बेटाच्या दोन्ही अंगांनी फुटलेली धार खाली पुन्हा एक होते तिथं डोह असतो, भोवरा असतो, आणि पोहायला गेलेली पोरं तिथंच बुडतात. मग डोहाच्या काठी साती आसरांचं ठाणं मांडलं जातं, शेंदूर फासलेले सात दगड, हिरवा खण, नारळ. रात्री मासे धरणाऱ्याचा दिवा हलतो, घुबड ओरडतं, काठावरच्याला ते पुरेसं होतं. मी स्वतः भूत मानत नाही, आणि या पत्रिकेच्या वाचकांतही मानणारे थोडेच निघतील, निदान दिवसा. पण भीतीमुळे भाव पडतो ही गोष्ट खरी आहे, आणि पडलेल्या भावाचा फायदा घेणारा कुणीतरी असतोच. गावातली एखादी बाई एकटी पडली, तिचे वारस लहान आहेत, अशा वेळी तिच्या जमिनीवर मुंजा नाहीतर खवीस अवचित कसा येऊन बसतो, हे ज्यानं त्यानं आपल्या गावापुरतं आठवून पाहावं. मंत्रानं भूत बोलावतो असं सांगून लोकांत घबराट करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा ठरवला आहे. तरी अशी तक्रार घेऊन ठाण्यात कोण जातो?

पारावरच्या म्हाताऱ्यांचं म्हणणं मला जास्त पटतं. ते म्हणतात, "आवो, भुताचं काय घेऊन बसलात? सात-बारा कुणाच्या नावानं हाय, ते आधी बघा."

तर सात-बाराकडे येऊ. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० प्रमाणे नदीचं पात्र सरकारच्या मालकीचं आहे. बेटं दोन जातीची असतात. एक मूळची जमीन, जिच्या भोवतीनं नदीनं वाट कापली. तिला पूर्वीपासून सर्व्हे नंबर होता, आज गट नंबर आहे. दुसरं बेट म्हणजे पाच-पन्नास वर्षांत गाळ साचून वर आलेली मळई. ही मळई कुणी कितीही वर्षं कसलेली असो, ती सरकारची. सरकारनं दिल्याशिवाय कसणाऱ्याला ती विकता येत नाही, आणि स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या 'ताबेपावती'ला मालकीहक्क म्हणून काडीची किंमत नाही. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुना कागद बहुधा उर्दूत असतो. तो वाचणारा माणूस गाठावा लागतो. निदान १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक तरी काढून पाहावंच. त्यात बेटाचा नंबर नसेल तर तिथंच थांबावं, पुढचं वाचायचंही कारण नाही.

नंबर असला तरी नाव कुणाचं ते पाहायचं. नदीतल्या बेटावर हमखास एखादं देऊळ, मठ नाहीतर दर्गा असतो, आणि मराठवाड्यात अशा ठिकाणच्या जमिनी पुष्कळदा खिदमतमाश इनामाच्या निघतात. म्हणजे देवाच्या सेवेसाठी दिलेल्या. कसणारा पुजारी किंवा मुजावर आपलीच म्हणून विकायला निघतो, पण परवानगीशिवाय तो व्यवहार टिकत नाही. दर्गा असेल तर वक्फ मंडळाकडची नोंदही पाहावी. कूळकायद्याची नोंद इतर हक्कात आहे का, भोगवटादार वर्ग दोन आहे का, हे तर नेहमीचंच. शिवाय एक गोम आहे ती बेटापुरतीच. आपल्या दक्षिणेला गोदावरी हीच जिल्ह्याची हद्द, पलीकडे बीड जिल्हा. मुख्य धार कधी या अंगाला असते, कधी त्या अंगाला. त्यामुळे बेट कोणत्या शिवारात, कोणत्या तलाठ्याकडे, कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत, यावर वाद उभा राहतो. भूमि अभिलेखची सरकारी मोजणी झाल्याशिवाय इसार देऊ नये. मोजणीला माणसं बेटावर यायला राजी नसतील तर ती गैरसोयही आत्ताच कळलेली बरी.

वरच्या अंगाला, पैठणच्या नाथसागरात, अशी कितीतरी बेटं दिसतात. ती कुणी दाखवली तर हात जोडून परत फिरावं. जायकवाडीसाठी ती जमीन संपादित झालेली आहे, आणि १९८६ पासून तिथं पक्षी अभयारण्य आहे.

गोदावरीतल्या बेटाच्या हौसेचा जुना दाखला कोपरगावचा आहे. राघोबादादा पेशव्यांचं ते आवडतं ठिकाण, १७८३ साली ते तिथंच वारले. तिथल्या बेटावर त्यांचा वाडा होता. ज्या खुनावरून महाराष्ट्रातली सगळ्यात प्रसिद्ध भुताची गोष्ट निघाली, तो १७७३ चा नारायणरावाचा खून याच राघोबांच्या नावाशी जोडलेला. पण ते भूत लोकांनी पुण्यात शनिवारवाड्यातच ठेवलं. बेटावरच्या वाड्याचं काय झालं? तो पाडून सामान विकून टाकलं, अशी नोंद इंग्रजी अमलातल्या अहमदनगर गॅझेटियरात आहे. पेशव्यांच्या घराण्यातल्या माणसाचा वाडा जिथं टिकला नाही, तिथं शुक्राचार्यांचं देऊळ मात्र आजही आहे आणि वस्तीही आहे. वैजापूर-श्रीरामपूरच्या मधलं सराला बेटही असंच, गंगागिरी महाराजांच्या गादीमुळे नांदतं. नदीतली बेटं बहुतेक देवाच्या नावानं टिकली, कारण पुरानंतर पुन्हा उभं करायला हजार हात येतात. एकट्या कुणब्याला कोण येणार?

आता उसाचं. आपण ऊसवाले, बेट घेतलं तर डोक्यात पहिला ऊसच येतो. पाच एकर ऊस धरा, एकरी चाळीस टन धरा, दोनशे टन माल झाला. टायरगाडीत दोन टन बसतो, म्हणजे शंभर खेपा. पूर्वी दसरा-दिवाळीनंतर पात्रातून गाडीवाट पडायची. आता जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी असे बंधारे झाले. पावसाळा सरताना दारं बंद होतात आणि फुगवट्याचं पाणी ऐन तोडणीच्या दिवसांत बेटाच्या दोन्ही अंगांना उभं असतं. काठावरच्या शेताला ते अमृत आहे, मोटार टाकली की झालं. बेटाला तोच वेढा होतो. मग राहिला थर्माकोलचा चप्पू. त्यावर चार क्विंटल नेले म्हटलं तरी दोनशे टनाला पाचशे फेऱ्या, आणि तोडलेला ऊस काठावर पडून वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो. चिटबॉयनं चिठ्ठी वेळेवर दिली तरी ऊस गव्हाणीत वेळेवर पडणार नाही. वाटेसाठी तहसीलदाराकडे कलम १४३ चा अर्ज करता येतो खरा, पण तो बांधावरून जाणाऱ्या वाटेसाठी आहे. नदीला बांध कुठला?

तोडणीला येणारी टोळी बेटावर उतरेल का, हाही प्रश्न आहे, आणि इथं भुताची खरी किंमत द्यावी लागते. मुकादम आधी नाही म्हणेल, मग खुशाली मागेल, मग बोकडाची बात निघेल. याला कुणी हसू नये. घर सोडून आलेल्या बायाबापड्यांनी, कडेवर लेकरू घेऊन, चारी बाजूंनी पाणी असलेल्या ठिकाणी, विजेशिवाय, पाल ठोकून राहायचं आहे. पुरात वाहून आलेली नाग-घोणस उंचवट्यावरच आसरा घेतात. रात्री कुणाला पान लागलं तर दवाखाना पाण्यापलीकडे आहे. त्यांच्या नकाराला भुताचं नाव असेल, पण तो नकार शहाणपणाचा आहे. आपल्या शेतकी खात्यानंही बेटावरच्या उसाची नोंद घेताना माल कोणत्या वाटेनं निघणार हे आधी लिहून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर शिल्लक उसाची ओरड शेवटी कारखान्याच्या दारात येते.

पुराचं तर सांगायलाच नको. २००६ च्या ऑगस्टात आणि २०२५ च्या सप्टेंबरात जायकवाडीतून लाखांच्या हिशेबात क्युसेक पाणी सुटलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो, म्हणजे दोन पावसाळे त्याच्या अंगावरून जातात. साचलेलं पाणी ऊस काही दिवस सोसतो. पण धारेखाली तो लोळतो, पोंग्यात गाळ बसला की शेंडा मरतो आणि कांड्याला पांगशा फुटतात. बेटाची मातीच खरडून गेली तर सरकारी मदत सात-बारावर नाव असणाऱ्याला मिळते, म्हणजे पुन्हा गाडी मघाच्याच मुद्द्यावर आली. घर बांधायचं म्हणाल तर निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीत, बांधकामाला मनाई आहे. बहुतेक बेटं त्या रेषेच्या आत पूर्ण बुडालेली असतात.

परदेशात श्रीमंत लोक असली बेटं हौसेनं घेतात, असं पोरं मोबाइलवर दाखवतात. त्यातलं पोवेलिया नावाचं बेट इटलीत व्हेनिसजवळच्या खाडीत आहे. रोगाच्या साथीत माणसं वेगळी ठेवण्याची ती जागा, म्हणून भुताची म्हणतात. २०१४ साली तिथल्या सरकारनं तिचा लिलाव काढला. सगळ्यात मोठी बोली ५ लाख १३ हजार युरोची आली, ती कमी म्हणून सरकारनं नाकारली. आणि लिलाव होता तोही ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, मालकीचा नव्हे. भूत असो नसो, तिथलं सरकारही पाण्यातली जमीन सहजासहजी सोडत नाही.

एक गोष्ट सभासदांनी विशेष ध्यानात घ्यावी. बेटावर रात्री दिवे दिसतात, घरघर ऐकू येते, सकाळी माणूस दिसत नाही, पण वाळूत चाकोऱ्या दिसतात, तर ते भूत डिझेलवर चालतं. वाळू सरकारची आहे. उद्या सात-बारावर तुमचं नाव लागलं आणि तुमच्या गटातून चोरीचा उपसा निघाला, तर तहसीलची नोटीस तुम्हाला येईल, रात्रीच्या पाहुण्यांना नव्हे. त्यांना हटकायला गेलात तर आसरांपेक्षा ती मंडळी जड जातील. गुप्तधनाच्या आशेनं बेट घेणारेही असतात. त्यांना इतकंच सांगणं की दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तरी ते कलेक्टरला कळवावं लागतं, १८७८ चा कायदा तसा आहे.

मग बेट घेऊच नये का? असं मी म्हणत नाही. गाळाच्या ओलीवर हरभरा, ज्वारी उत्तम येते, वाळवटीत टरबूज-खरबूज येतं, चारा होतो, आणि यातला कुठलाच माल दोनशे टन नसतो. कागद चोख असेल तर त्या हिशेबानं भाव करावा, उसाच्या हिशेबानं नव्हे. त्याआधी एक वर्ष बटईनं करून पाहावं. सब-रजिस्ट्रारकडे तीस वर्षांचा शोध घ्यावा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, बंधाऱ्याच्या उपविभागात जाऊन तो गट संपादनात गेला आहे का ते लेखी विचारावं. सोसायटी त्या गटावर पीककर्ज देईल का, हे सचिवाला आधीच विचारून ठेवावं. बेट दाखवणारे आपल्याला माघ-फाल्गुनात नेतात, तेव्हा पाणी उतरलेलं असतं आणि हरभरा घाट्यावर असतो. त्यांना म्हणावं, भाद्रपदात येतो, तेव्हा दाखवा, आणि एक रात्र सोबत तुम्हीही मुक्कामाला चला.