वरंधा उतरण्यापूर्वी आंबेनळीचा विचार

पुण्याहून भोरमार्गे वरंधा घाट उतरायचा, महाडला पोहोचायचे आणि पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठून वाईमार्गे परतायचे, हा फेरा हौशी सायकलपटूंना भुरळ घालतो. आखणीत चर्चा होते ती गिअरची आणि मांड्यांतील ताकदीची. खरा प्रश्न रस्त्याचा आहे. वरंधा उतरलेला सायकलस्वार जवळपास समुद्रसपाटीला येतो. पुढे १,३०० मीटरहून अधिक उंचीवरील महाबळेश्वर आणि पोलादपूरपासून सुमारे ४० किलोमीटरची वाट. आंबेनळी बंद असेल, तर नुकताच उतरलेला वरंधाच पुन्हा चढावा लागतो. ही शक्यता काल्पनिक नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला होता. वरंध्यातही पावसाळ्यात वाहतूकबंदीचे आदेश निघतात. ते काढते जिल्हा प्रशासन. आणि हा फेरा पुणे, रायगड व सातारा अशा तीन जिल्ह्यांतून जातो. पुण्यातील परिस्थितीवरून रायगडचा अंदाज बांधणे म्हणूनच धोक्याचे. एका दिवसाचा हट्ट सोडून महाडला मुक्काम केला, तर संध्याकाळी आंबेनळीची खात्रीलायक चौकशी करता येते आणि कोकणातील दमट ऊन चढण्यापूर्वी, भल्या पहाटे पोलादपूरकडे निघता येते.