थंड प्रदेशात पहिली मधपेटी कधी ठेवावी?



मधमाशीवर निबंध लिहायला सांगितला की मुलं तिचा उद्योगीपणा हमखास लिहितात. पण माशी कितीही कष्टाळू असली तरी तिला कामाला ऋतू मिळावा लागतो, हे कुणी लिहीत नाही. म्हणून आज एक साधा प्रश्न घेऊया. काश्मीरसारख्या थंड प्रदेशात एखाद्याला पहिली मधपेटी ठेवायची असेल, तर ती कधी ठेवावी?

माझं मत स्पष्ट आहे. तयारी हिवाळ्यात करावी आणि माश्या वसंतात आणाव्यात. हिवाळ्याच्या तोंडावर पेटी स्वस्तात मिळाली, तरी नवशिक्याने ती घेऊ नये.

का, ते बघा. तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की मधमाश्या सहसा बाहेर पडत नाहीत. राणीभोवती दाटीवाटीने घोळका करतात आणि पंखांचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. या उबेचं इंधन म्हणजे साठवलेला मध. बाहेर बर्फ पडलेलं, फूल एकही नाही; साठा संपला की वसाहत संपली. घोळका लहान असेल तर मध शिल्लक असतानाही माश्या गारठून मरतात.

आता थोडं गणित करू. अंड्यापासून कामकरी माशी तयार व्हायला 21 दिवस लागतात. पुढचे साधारण तीन आठवडे ती पेटीतलीच कामं करते : अळ्यांना भरवणं, पोळं बांधणं, साफसफाई. म्हणजे फुलांवर जाणारी माशी मिळायला सुमारे सहा आठवडे हवेत. सप्टेंबरअखेर पेटी आणली तर ही माशी नोव्हेंबरच्या मध्यावर तयार होणार. तेव्हा फुलं कुठून आणायची? तेच एप्रिलच्या सुरुवातीला सफरचंदाच्या फुलोऱ्यावर पेटी ठेवली, तर मेच्या मध्यापासून तिच्यापुढे अख्खा उन्हाळा मोकळा असतो.

कुणी म्हणेल, काश्मीरमध्ये सप्टेंबरातही सोलाईच्या फुलांवर मध मिळतो की! मिळतो, पण तो भरलेल्या, जुन्या वसाहतींना. शिवाय तिथले व्यावसायिक मधपाळ हिवाळ्यात पेट्या ट्रकमध्ये घालून राजस्थान, पंजाबकडे मोहरीच्या शेतांत नेतात. एक-दोन पेट्यावाल्याला हे परवडणार आहे का? त्याच्या माश्यांना थंडी जागेवरच काढावी लागणार.

मग हिवाळ्यात करायचं काय? शिकायचं. अनुभवी मधपाळाकडे जाऊन चौकटी हाताळायच्या, पेटी करून घ्यायची, वारा अडेल आणि सकाळचं ऊन येईल अशी जागा बघायची. शेजारच्या बागेत फवारणी कधी होते, तेही विचारून ठेवायचं. आणि पहिल्या वर्षीचा मध माश्यांनाच राहू द्यायचा. मला वाटतं, नवशिक्याला हेच सगळ्यात जड जात असेल.

आपल्याकडे मात्र उत्तर बदलतं. महाबळेश्वरच्या डोंगरात माश्यांचा उपासाचा काळ म्हणजे पावसाळा. धो धो पावसात त्यांना बाहेर पडता येत नाही. म्हणून सह्याद्रीत सुरुवात पावसाळा संपल्यावर करणं बरं. महिना वेगळा, पण नियम तोच : उपासाचा ऋतू सरला आणि फुलोरा पुढे असला की पेटी ठेवावी.

शिक्षक मित्रांनो, वर्गात नेमकं इथेच आपलं चुकतं. आपण मुलांकडून महिना पाठ करून घेतो, कारण मात्र विचारत नाही. ‘वसंतात पेटी ठेवावी’ एवढंच पाठ केलेला मुलगा सह्याद्रीत फसेल. त्यामागचं कारण समजलेल्या मुलीला कुठल्याही गावात उत्तर सापडेल. एकदा वर्गात विचारून बघा : आपल्या गावात माश्यांना फुलं कधी मिळत नाहीत? मुलं काय सांगतात ते मलाही नक्की कळवा.