वकिलाची फी कुठून आणू?

मैत्रिणींनो, या एका प्रश्नापायी कितीजणी माहेरी बसून वर्षं काढतात! अहो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. धाराशिवला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे, नाहीतर तुळजापूर, उमरग्याला तालुक्याच्या समितीकडे साधा अर्ज द्यायचा. वकिलाची फी प्राधिकरण भरतं. त्यानं तुमच्याकडे मागितली, तर तिथंच तक्रार करा. पोटगीसाठी सासरच्या गावी खेपा नकोत, तुम्ही राहता तिथंही अर्ज चालतो. पण 'बघू दिवाळीनंतर' नको हं! पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलंय. आधीचे महिने कोण भरून देणार? जाताना लग्नपत्रिका आणि नवऱ्याच्या शेताचा सातबारा तेवढा बरोबर घ्या.