फॉरमॅट मारू का, सर?

आप्पांच्या वह्या टाईप करून कधी पाठवणार, असं पुण्याची ताई आणि लातूरचा भाचा दर फोनला विचारतात. तुम्हा सगळ्यांना एकदाच सांगून टाकतो. एकशे चाळीस पानं झाली होती. पहिली अठ्ठ्याहत्तर भाच्याला मेल केली होती म्हणून वाचली, पुढची बासष्ट गेली. कशी गेली ते आज लिहितोय, आणि जरा चिडूनच लिहितोय. सांभाळून घ्या.

२०२५ च्या एप्रिलात आमचा कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. अडकणं नाही, सूचना नाही, फट्‌कन काळोख! आधी दिवसातून एकदा, मग तीनदा. दुकानातून एक मुलगा आला. दोन मिनिटं माउस हलवला आणि म्हणाला, "व्हायरस असेल. फॉरमॅट मारू का, सर? डेटा डी ड्राइव्हला आहे ना?" मी म्हटलं, आहे. डेस्कटॉपवर समोर दिसणाऱ्या फायली मुळात सी ड्राइव्हमध्ये असतात हे मला कुठे ठाऊक! ही माझी चूक, कबूल. पण त्याला ठाऊक होतं, आणि त्यानं डेस्कटॉपवरच्या ‘आप्पा’ नावाच्या फोल्डरकडे एकदा बघायला हरकत नव्हती. निजामाच्या राज्यातली उर्दू शाळा, १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान शरण आलं तेव्हा गावात काय काय झालं, हे सगळं त्या फोल्डरात होतं. वह्या कागदावर शाबूत आहेत, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बासष्ट पानं पुन्हा टाईप करणं म्हणजे काय ते माझे डोळेच जाणतात.

आणि दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला पुन्हा काळोख!

मग दुसरा आला. त्यानं निदान केलं, "मदरबोर्ड गेला. दुरुस्तीत अर्थ नाही, विंडोज १० तसंही ऑक्टोबरात बंद होतंय. नवीन घ्या." आता विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला हे खरं. पण त्या तारखेचा आणि माझ्या दुपारच्या अडीचचा संबंध काय? मदरबोर्ड खरोखर जातातही. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटरमुळे जगभर बोर्ड गेले, एकट्या डेल कंपनीनं २००५ मध्ये त्यापोटी ३० कोटी डॉलरचा खर्च हिशोबात धरला. पण असे बिघडलेले कपॅसिटर बहुधा वरून फुगलेले दिसतात, साध्या डोळ्यांना! या गृहस्थांनी झाकणच उघडलं नव्हतं.

पाचवी ते सातवीला मी गणितही शिकवलं आहे. उत्तर बरोबर आणि रीत नाही, तर पाचपैकी एक मार्क द्यायचो. इथे उत्तरही चूक आणि रीतही नाही, वर व्हिजिट चार्ज.

माझा एक जुना विद्यार्थी वाळूजच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तो फोनवर म्हणाला, "सर, आमच्याकडे मशीन बंद पडलं की आधी विचारतात, कधी पडलं, किती वेळ चालल्यावर पडलं, तेव्हा शेजारी काय चालू होतं. वही करा." केली. आठ दिवसांच्या नोंदीत सकाळची एकही नाही, सगळ्या दुपारी बारा ते चारच्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडली. मला केवढा आनंद! पण ती एवढंच सांगते की यंत्र रीतसर बंद झालं नाही. हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहिलेलं असतं, तसं. का, ते त्यात नसतं.

मग त्यानं सांगितलेला प्रयोग. सुरू करताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये जायचं आणि तिथेच थांबायचं. तिथे विंडोज सुरू झालेलंच नसतं, मग त्यातला व्हायरस तरी कुठून येणार? प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. बघता बघता नव्वदीच्या पुढे गेलं आणि काळोख! म्हणजे विंडोज निर्दोष. ज्या फॉरमॅटनं माझी बासष्ट पानं नेली, त्याची गरजच नव्हती.

प्रोसेसर फार तापला की जळण्याआधी यंत्र स्वतःला बंद करतं. ती त्याची सोय आहे, रोग नव्हे. झाकण उघडलं तर पंख्याखालच्या हीट सिंकमध्ये धुळीचा नमदा झालेला, आणि थर्मल पेस्टचं वाळून पोपडे. वर मी तो डबा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला. मराठवाड्यातला मे, चाळीसच्या वरचा पारा... त्यानं करावं तरी काय! ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, डबा बाहेर काढला. नऊ दिवस सुखाचे गेले.

दहाव्या दिवशी पुन्हा काळोख. तापमान साठसुद्धा नव्हतं. या वेळी सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी कूलरचं बटण दाबलं की तुमचा तो खालचा डबा ‘टीं’ करतो, मगच बंद पडतं." वहीत मी कूलर लिहिलाच नव्हता! एकाच बोर्डावर दोन्ही. कूलर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडायचं, यूपीएस बॅटरीवर जायचा आणि चार वर्षांच्या बॅटरीत जीवच नव्हता. बॅटरी बदलली, संपलं.

मी दुकानदाराशी भांडायला गेलो. तो शांतपणे म्हणाला, "सर, पोरगं तासभर बसून कारण शोधेल, त्याचे पैसे तुम्ही द्याल? पार्ट बदलला की देता." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पहिल्या मुलाच्या चारशेचे तीनशे मीच केले होते! कारखान्यात बंद मशीनमुळे पैसा बुडतो, म्हणून तिथे शोधणाऱ्याला पगार आहे. घरात बुडतात ती म्हाताऱ्यांची पानं. २०२२ च्या डिसेंबरात सरकारनं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण दुरुस्तीचा हक्क मिळाला तरी आधी झाकण कुणीतरी उघडायला हवं ना.

तरीही त्या दुकानदाराला माझं सांगणं आहे. वेळ नसेल तर ‘बघितलं नाही’ म्हणा, ‘मदरबोर्ड गेला’ म्हणू नका. फॉरमॅट मारण्याआधी ग्राहक काहीही म्हणो, डेस्कटॉप पेन ड्राइव्हवर घ्या. आणि बिलावर ‘पार्ट’ आणि ‘लेबर’ असे दोन रकाने असतात, तिथे ‘कारण’ असा तिसरा काढा. त्या रकान्याचे तीनशे रुपये मी घासाघीस न करता देईन. तुम्हीही द्या.

असो. सध्या पान एक्याण्णववर आहे, रोज संध्याकाळी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवतो. आप्पांचं अक्षर इथे फार बारीक झालंय आणि दोन शब्द मला काही केल्या लागत नाहीत. ताईनं फोन करावा, तिला आठवत असतील.