उघड बोलीची बाजू

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, वधूवरांच्या आणि हरवलेल्या दस्तऐवजांच्या जाहिरातींना खेटून, अत्यंत बारीक टायपात 'जाहीर लिलावाची नोटीस' या मथळ्याखाली जो मजकूर छापलेला असतो, तो वाचणारा वाचक विरळा. आणि तो वाचून नेमल्या दिवशी, नेमल्या जागी खरोखरीच जाऊन उभा राहणारा तर त्याहूनही विरळा. पतपेढीकडे गहाण पडून न सोडवलेले दागिने, पोलीस ठाण्याच्या आवारात पावसापाण्याने गंजलेल्या बेवारस दुचाक्या, कुठल्याशा कचेरीचे बाद झालेले लाकूडसामान, अशा मालाच्या या नोटिसा असतात. आणि 'आहे त्या स्थितीत', 'कोणतेही कारण न देता लिलाव तहकूब करण्याचा अधिकार राखून' ही त्यांतली दरडावणीची भाषा वाचून भिडस्त मनुष्य बिचकतो. त्याने बिचकू नये, असे माझे म्हणणे आहे. ज्या शहरात दुकानदार भाव पाटीवर लिहून मोकळा होतो आणि गिऱ्हाइकाने त्यावर ब्र काढू नये अशी अपेक्षा बाळगतो, त्या शहरात वस्तूची किंमत आपल्या डोळ्यांदेखत, किंबहुना आपल्याच तोंडून, ठरताना अनुभवण्याची लिलावाखेरीज दुसरी संधी फारशी उरलेली नाही.

कसबा पेठेत या प्रकाराला एक घरगुती रूप आहे. पुण्याची ही सर्वांत जुनी वस्ती. इथल्या वाड्यांना वारस पुष्कळ आणि खोल्या थोड्या. ज्या मिळकतीचे सोयीचे तुकडे होत नाहीत ती विकून पैसा वाटावा, आणि ती ठेवून घेऊ इच्छिणारे हिस्सेदार एकाहून अधिक असल्यास जो अधिक बोलेल त्याच्या पदरात टाकावी, अशी तजवीज 1893 च्या वाटणीच्या कायद्यातच आहे. स्थावराला कायद्याने लावलेला हा न्याय भांड्याकुंड्यांना आणि कपाटांना भाऊबंद आपापसांत, वकिलावाचून आणि अर्जफाट्यांवाचून लावतात, एवढेच.

तांबट आळीच्या जवळच एक वाडा नव्या इमारतीसाठी रिकामा होत असता असा लिलाव पाहण्याचा योग मला आला. चौकात सतरंजी अंथरून तिच्यावर हंडे, घंगाळी, ताम्हने, पातेली, एक पिंपासारखा बंब असा चार पिढ्यांचा संसार मांडला होता. घरातले थोरले काका पुकारा करीत होते, धाकटी सून वहीत आकडे टिपीत होती, आणि नातेवाइकांखेरीज शेजाऱ्यांना व मोडीच्या दोन व्यापाऱ्यांना बोलीची मुभा होती. या व्यापाऱ्यांचे महत्त्व ध्यानात घेतल्याखेरीज तांब्यापितळेच्या लिलावाचे मर्म कळत नाही. त्यांना वस्तूशी कर्तव्य नसते, वजनाशी असते. भांडे हातात तोलून ते मनाशी त्याची मोड धरतात आणि तिथपर्यंतच बोलतात. सरकारी लिलावात जिला हातची किंमत म्हणतात, ती येथे त्यांच्या तोंडून अशी आपोआप ठरते. आणि त्यांनी मान हलवून माघार घेतली की तेथून पुढचा प्रत्येक रुपया तांब्याचा नसून आठवणीचा असतो.

काकांनी एक घंगाळ उचलून त्यावर टिचकी मारली. त्याच्या पोटावर मठारकामाचे ठोके एकाशेजारी एक असे बसले होते, की उन्हात धरताच सबंध अंगावर बारीक खवले चमकून उठले. तांबट आळीतल्या कारागिराच्या हातोडीची ती ओळख; यंत्राने दाबून काढलेल्या भांड्यावर ती कितीही नक्कल केली तरी उमटत नाही. "साडेचार किलो भरेल," म्हणून व्यापाऱ्याने तीन हजारांवर सुरुवात केली आणि थोड्याच वेळात हात झाडले. मग कोथरूडचा एक पुतण्या चार हजार बोलला, मीही मध्ये तोंड घातले, आणि एवढा वेळ खांबाला टेकून बसलेली आत्या एकाएकी ताठ झाली.

"अरे, माझं पहिलं दिवाळीचं न्हाणं यात झालंय!"

"मग बोल की, आत्या. नुसतं सांगून काय उपयोग?"

आत्या बोलली. पुतण्याने दोनशे चढवले, आत्याने पाचशे. काकांनी 'एक वार' म्हटले, 'दोन वार' म्हटले, आणि मग सराईत पुकाऱ्याला शोभेल असा दम घेऊन सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. 'दोन वार' आणि 'तीन वार' यांच्यामधल्या त्या क्षणात जी उत्कंठा असते, तिच्यासाठी लोक तिकीट काढून नाटकाला जातात. येथे ती फुकट मिळते आणि शिवाय शेवट आपल्या हाती असतो. घंगाळ सहा हजारांच्या पुढे जाऊन आत्याकडे गेले, व्यापाऱ्यांनी उरलेली चेपकी पातेली किलोवर उचलली, आणि त्यानंतर सर्वांना चहा मिळाला. त्याच वस्तूंवरून बंद दाराआड वाटाघाटी झाल्या असत्या तर त्या घरात वर्षभर अबोला राहिला असता, हे पेठेतल्या कोणाही जाणत्या माणसाला सांगावे लागणार नाही.

उघडेपणाचा हा गुण किरकोळ नाही. आपल्याकडच्या अनेक बाजारपेठांत पूर्वी धान्याचा आणि इतर शेतमालाचा सौदा 'हत्ता' पद्धतीने होत असे: अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याने ते धान्य पिकवले तो शेतकरी शेजारी उभा राहून त्या हलणाऱ्या रुमालाकडे पाहत राही. महाराष्ट्रात 1963 च्या बाजार समित्यांच्या कायद्याखालील व्यवस्थेने हा गुप्त व्यवहार निषिद्ध ठरवला आणि माल उघड लिलावाने विकण्याचा दंडक घातला. मोठ्याने बोललेला भाव हा अशा रीतीने कष्टकऱ्याने मिळवलेला हक्क आहे. आज गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हंगामाची पहिली हापूसची पेटी येते तेव्हा तिची पूजा होऊन जी बोली लागते, तीत व्यापार थोडा आणि हौस फार. 2022 च्या फेब्रुवारीत तेथे अशी एक पेटी 31,000 रुपयांना गेली. त्या आंब्यांची चव त्या भावाची खासच नसणार, पण त्या बोलीचा आनंद घेणारे खरेदीदाराखेरीज शेकडो होते.

तथापि लिलावाची दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. याच पेठेला लागून असलेल्या शनिवारवाड्याच्या गादीचा शेवटचा धनी, दुसरा बाजीराव, मामलती अधिक रक्कम देणाऱ्याच्या पदरात टाकीत असे, आणि तो मक्तेदार ती रक्कम रयतेच्या पाठीवरून दामदुपटीने वसूल करी. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या अहवालात याचे वर्णन करून ठेवले आहे. पुढे इंग्रजी अमलात दिवाणी अदालतींचे हुकूमनामे घेऊन सावकार कुळांच्या जमिनी जप्तीत काढू लागले, आणि तो संताप 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उसळून कर्जरोख्यांची होळी झाली; 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्यातूनच आला. गहाण दागिन्यांच्या लिलावात आजही कोणाचे तरी मंगळसूत्र असते. ते घ्यावे की न घ्यावे हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. मी घेत नाही.

आणि इतिहासाची थट्टा पाहा. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा केल्यावर इंग्रजांनी भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीत लिलावाने फुंकले आणि जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना केले. त्याच घराण्याच्या मूळ पुरुषाची, पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार 2025 च्या एप्रिलात लंडनच्या लिलावगृहात निघाली, तेव्हा महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून सर्व खर्चासह 47 लाख 15 हजार रुपयांना ती सोडवून आणली. ज्या तऱ्हेने मराठ्यांची दौलत गेली त्याच तऱ्हेने तिचा एक तुकडा परत आला, यात लाजण्यासारखे काहीच नाही. ठरल्या दिवशी हजर राहून इतरांहून अधिक बोलण्याची तयारी ठेवणे, एवढ्यावर ते काम झाले.

आता सरकारी खात्यांचे बहुतेक लिलाव संगणकावर होतात, आणि त्याचे कारण खोटे नाही. उघड लिलावात ठेकेदारांचे संगनमत चाले, नवख्याला दाराशीच दटावून परत पाठवले जाई, आणि वाळूच्या घाटासारख्या मोठ्या रकमेच्या मालात तर दांडगाईच भाव ठरवी. अशा मालाचे लिलाव संगणकावरच राहावेत. परंतु जुन्या खुर्च्या, सायकली, टेबले, दरवाजे यांच्यासाठी नोंदणी, सांकेतिक शब्द, अनामतीचा ऑनलाइन भरणा असा प्रपंच उभा करून ज्याला ती खुर्ची खरोखर हवी आहे त्या निवृत्त मास्तरालाच बाहेर ठेवण्यात कोणता सार्वजनिक लाभ साधतो, हे मला उमगलेले नाही. त्याच्या गैरहजेरीत सगळा ढीग भंगाराच्या भावाने एकगठ्ठा जातो आणि पालिकेच्या तिजोरीतही कमीच पडते.

म्हणून महापालिकेस आणि शहरातील संस्थांस विनंती आहे, की किरकोळ मालाचे लिलाव त्यांनी रविवारी, पेठांच्या मध्यवस्तीत, पुकारून करावेत. माल आदल्या दिवशी हाताळू द्यावा, आणि अनामत सामान्य माणसास झेपेल एवढीच ठेवावी. वाचकास सांगणे याहून थोडे आहे. लिलावात जी बोली जिंकते ती बहुधा सर्वांत मोठ्या अंदाजाची, आणि म्हणून पुष्कळदा अंमळ जास्तच असते. लिलावांच्या अभ्यासासाठी 2020 चे नोबेल मिळवणाऱ्या पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांनी यावर गणित मांडले, मोडीच्या व्यापाऱ्याला ते उपजतच ठाऊक असते. तेव्हा घरून निघतानाच आपला आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवावा, व्यापारी कुठे थांबतो इकडे लक्ष ठेवावे, आणि आकडा आला की बाजूला सरून बाकीच्यांची चढाओढ मनसोक्त पाहावी.