दारची गाडी आणि परदेशी गिऱ्हाईक

जुन्या मोटारींना जगभर चाहते असतात आणि ते सातासमुद्रापलीकडूनही गाडीचा माग काढतात. असे एखादे परदेशी गिऱ्हाईक उद्या रोह्यातील मध्यमवर्गीय घराच्या दारात उभे राहिले, तर त्या घराने काय करावे? समजा, गाडी १९५०च्या दशकातील फियाट अकराशे आहे. तिच्या गोलमटोल बांध्यामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे लाडके नाव दिले होते. आजोबांनी ती घेतली, वडिलांनी जपली आणि आता ती पडवीत उभी आहे. घरात दोन मते पडतात. घरची लक्ष्मी परक्याच्या हाती देऊ नये, असे एकाला वाटते. गंजून मातीमोल होण्यापेक्षा चार पैसे पदरात पडलेले बरे, असे दुसरा म्हणतो. दोन्ही मतांना वजन आहे. म्हणूनच हा निर्णय भावनेच्या भरात घेऊ नये आणि केवळ हिशेबाच्या वहीवरही सोडू नये.

येथे एक शंका हमखास घेतली जाते. मुळात इटलीचा आराखडा असलेली गाडी आपला वारसा कशी ठरते? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या. इटलीत अकराशेचे उत्पादन १९६९ साली थांबले. कुर्ल्यात मात्र त्याच वंशाची ‘प्रीमियर पद्मिनी’ विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ऑक्टोबर २०२३पर्यंत रस्त्यावर धावली. रोह्यापासून पुढे जाणारी कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. त्याआधीच्या काळात ज्यांच्या दारी गाडी होती, त्यांच्या किती लग्नकार्यांना आणि आजारपणांना ती धावून गेली असेल! आराखडा परका असला, तरी घाम, रस्ते आणि आठवणी येथल्याच आहेत. तेव्हा ही गाडी आपली आहे, याबद्दल संशय नको.

पण ‘आपली’ म्हटल्याने आपले कर्तव्य संपते काय?

संस्थानिकांच्या मोटारींचा इतिहास याबाबत बोलका आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात मागवलेली ड्यूसेनबर्ग पुढे अमेरिकेत गेली. राजकोटच्या ठाकूरसाहेबांची १९३४ सालची रोल्स-रॉईस, ‘स्टार ऑफ इंडिया’, १९६०च्या दशकात देशाबाहेर गेली. अनेक दशकांनंतर त्याच घराण्याने ती परत आणली. प्रत्येक घराला अशी दुसरी संधी मिळत नाही. हा ओघ रोखण्यासाठी सरकारने १ जानेवारी १९५०पूर्वीच्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. शंभर वर्षे पूर्ण केलेल्या ऐतिहासिक वस्तूंसाठी १९७२ सालचा पुरावशेष कायदा आहेच. तेव्हा परदेशी गिऱ्हाईकाशी बोलणी करण्यापूर्वी गाडीचे उत्पादनवर्ष आणि त्या वेळचे निर्यात नियम तपासणे, ही पहिली पायरी आहे.

कायदा गाडीला सीमेवर अडवू शकतो, तिचा गंज मात्र अडवू शकत नाही. कोकणात चार महिने पाऊस आणि वर्षभर खारा, दमट वारा. महिनोन्महिने चालू न केलेल्या गाडीचे इंजिन जाम होते, ब्रेकचे रबर कडक पडते, पेट्रोलच्या टाकीला आतून गंज धरतो आणि गाद्यांना बुरशी लागते. छपराखाली उभी करून तिला जपल्याचे समाधान मानणे ही स्वतःची फसवणूक आहे.

रोह्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. दसऱ्याच्या सुमारास ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस दलाची सशस्त्र मानवंदना घेते आणि गावभर फिरते. ती पालखी वर्षानुवर्षे खांद्यावर घेतली जाते, म्हणूनच तिचे तेज टिकून आहे. कोल्हापुरातही छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यासाठी बाहेर पडते आणि आबालवृद्ध ती डोळे भरून पाहतात. वारसा वापरात राहिला, तरच पुढच्या पिढीच्या मनात उतरतो.

शेजारच्या पेणकडेही पाहावे. पेणच्या गणेशमूर्ती दरवर्षी परदेशी रवाना होतात, पण त्याचे कोणाला दुःख होत नाही. कारण मूर्ती गेली, तरी ती घडवणारा हात पेणमध्येच राहतो. जुन्या गाडीचे तसे नाही. ती जाते आणि तिच्याबरोबर कार्ब्युरेटर कानाने जुळवणारा, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट नेमके बसवणारा मिस्त्रीही बेकार होतो. त्याचे कसब त्याच्या मुलाकडे जात नाही. देशाचे खरे नुकसान होते, ते या कसबाचे. वारशाचा अभिमान मिरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी याची चिंता अधिक करायला हवी.

म्हणून निर्णयाची कसोटी साधी असावी. ही गाडी वर्षातून निदान काही वेळा रस्त्यावर आणण्याची आपली तयारी आहे का? तिच्यासाठी वेळ आणि पैसा देणारे घरात कोणी आहे का? असेल, तर गिऱ्हाईकाला नम्रपणे नकार द्यावा. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. रोजच्या वापराला परवानगी नसली, तरी प्रदर्शनासाठी आणि मेळाव्यासाठी ती रस्त्यावर आणता येते.

तशी तयारी नसेल, तर आधी देशातच जाणता माणूस शोधावा, मग तो संग्राहक असो वा संग्रहालय. थोडी कमी किंमत आली, तरी गाडी येथल्या रस्त्यावर आणि येथल्या मिस्त्रीच्या हाताखाली राहील. तोही मिळाला नाही आणि कायद्याची आडकाठी नसेल, तर परदेशी गिऱ्हाईकाला गाडी देण्यात कमीपणा मानू नये. कागदपत्रांच्या प्रती, छायाचित्रे आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेला तिचा इतिहास मात्र घरी लिहून ठेवावा. पडवीत कुजलेल्या गाडीपेक्षा परदेशात धावणारी गाडी आपल्या कारागिरांचे नाव अधिक राखते. आणि मुलांच्या शिक्षणासाठी किंवा आईवडिलांच्या औषधोपचारांसाठी कोणी गाडी विकली, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

समाज म्हणून मात्र आपल्याला एक काम करता येईल. गावोगावच्या आयटीआयमध्ये एखादी जुनी गाडी उभी राहावी आणि निवृत्त मिस्त्रींनी मुलांना तिच्यावर शिकवावे. आपल्या संस्था आणि उत्सव मंडळे यांनी दसऱ्याच्या वाहनपूजनात परिसरातील जुन्या गाड्यांना मानाने बोलवावे. हे घडले नाही, तर परदेशी गिऱ्हाईकाला दोष देण्यात काय अर्थ? तो आपल्याकडून वारसा हिरावून नेत नाही. आपण जो आधीच टाकून दिला, तोच तो उचलून नेतो.