'कुत्र्यापासून सावधान' ही पाटी कोणासाठी?

जालन्याचा मस्तगड निजाम आसफजहाच्या हुकुमावरून १७२५ साली बांधला गेला. पुढे याच गडात नगरपालिकेची कचेरी आली आणि आज मस्तगड म्हटले की गडापेक्षा भोवतीची वस्तीच डोळ्यांपुढे येते. गडाला तट-बुरूज असत, दारावर पहारा असे, तो शत्रूच्या भयाने. तो शत्रू कधीच इतिहासजमा झाला. परंतु शहरोशहरीच्या नव्या वसाहतींमध्ये ज्याने त्याने आपापला लहानसा गड उभा केला आहे आणि त्याच्या फाटकाशी रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड, नाही तर पिटबुल आणून बांधला आहे. फाटकावर 'कुत्र्यापासून सावधान' अशी पाटी ठोकली की मालक सर्व जबाबदारीतून मोकळा!

ही पाटी नेमकी कोणासाठी आहे? चोर काही बेल वाजवून फाटकातून येत नाही. फाटकातून येतात त्या धुणीभांडी करणाऱ्या बाया, घंटागाडीवरचे सफाई कामगार, विजेच्या मीटरचे रीडिंग घेणारा, पोस्टमन, गॅसची टाकी पोहोचविणारा, पेपर टाकणारी पोरे आणि अलीकडे मोबाईलवर मागविलेले जेवण घेऊन येणारी तरुण मुले. यातील बहुतेक आपल्याच वस्त्यांमधले. त्यांनी सावध राहायचे म्हणजे काय करायचे? काम टाकून परत फिरायचे? मग त्या दिवसाची मजुरी कोण देणार? सावध राहण्याची जबाबदारी ज्याच्या हातात कुत्र्याची साखळी आहे त्याची, की ज्याच्या हातात झाडू आहे त्याची?

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये दोनदा आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये मोकाट कुत्र्यांविषयी आदेश दिले, तेव्हा देशभर चर्चेचे रान पेटले. ती चर्चा आवश्यकच होती. परंतु पाळीव कुत्र्याच्या चाव्याविषयी असा गदारोळ क्वचितच होतो. कारण उघड आहे. मोकाट कुत्र्याला मालक नसतो. पाळीव कुत्र्याला मालक असतो आणि तो अनेकदा ओळखीपाळखीचा, वजनदार असतो.

कायदा मात्र येथे स्पष्ट आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ (पूर्वीच्या दंड विधानाचे कलम २८९) सांगते की, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जीवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गुन्हा दखलपात्र आहे. म्हणजे पोलिसांनी एनसी लिहून घेऊन बोळवण करण्याचा हा विषय नव्हे. पाटी लावली होती म्हणून खबरदारी घेतली, असा कांगावा करण्याची सोय या कलमात कुठेही लिहिलेली नाही.

पण कायदा असणे वेगळे आणि तो गरिबाच्या कामी येणे वेगळे. मुंबईच्या नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या गृहस्थांचे लचके तोडले. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती २०२३ मध्ये. वरळीत २०१८ साली लिफ्टमध्ये शेजाऱ्याला कुत्रा चावला; मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी सुनावली गेली ती २०२५ मध्ये. ही दोन्ही प्रकरणे सुखवस्तू लोकांची. ज्यांना वकील परवडतो त्यांना तेरा आणि सात वर्षे लागली, तर मोलकरणीने किती वर्षे वाट पाहावी? तिच्या हातावर शे-दोनशे रुपये टेकवून 'आमच्या कुत्र्याला इंजेक्शन दिलेले आहे, तुला काही होत नाही' असे सांगितले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती लंगडत पुन्हा त्याच फाटकातून आत जाते. जुलै २०२५ मध्ये मानखुर्दला रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल सुटला, मुलगा ओरडत होता आणि मालक हसत होता. त्याचे चित्रीकरण लोकांनी मोबाईलवर पाहिले तेव्हा कोठे बोभाटा झाला. चित्रीकरण नसते तर?

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की आम्ही कुत्र्यांच्या विरोधात लिहीत आहोत. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी पिण्यास मुभा होती, अस्पृश्य माणसाला नव्हती. १९२७ चा तो संग्राम माणसाच्या हक्कासाठी होता, जनावराच्या तोंडचे पाणी काढून घेण्यासाठी नव्हता. खुद्द बाबासाहेबांना कुत्र्याचा लळा होता. राजगृहातील फेब्रुवारी १९३४ चे जे कौटुंबिक छायाचित्र घराघरांत आहे, त्यात माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका टोबीही आहे. आपली तक्रार कुत्र्याबद्दल नसून मालकाच्या बेजबाबदारपणाबद्दल आहे.

बाजारात 'जातिवंत' कुत्रा विकला जातो. हा शब्द आम्हाला तसाही खटकतो. जन्मावरून स्वभाव ठरविण्याची या देशाची खोड जुनी. ती कुत्र्यांनाही चिकटली. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने तेवीस प्रकारच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयी परिपत्रक काढले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. थोराड, मजबूत जबड्याच्या कुत्र्याचा चावा अधिक खोल जातो, हे खरेच आहे व अशा कुत्र्याच्या मालकावर अधिक बंधने हवीत, हेही खरे. परंतु कोणताही कुत्रा चावरा बहुधा केला जातो. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे पाहते, हुंगते, ऐकते ते त्याच्या ओळखीचे होते. त्या दिवसांत ज्याने डोक्यावर टोपले घेतलेली बाई पाहिली नाही, काठी टेकीत जाणारा म्हातारा पाहिला नाही, पोरांचा गलका ऐकला नाही, ते मोठेपणी या साऱ्यांना भिते. आणि भ्यालेला कुत्रा चावतो. त्यातून दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवले, फिरविले नाही, 'तिखट व्हावा' म्हणून डिवचले, उपाशी ठेवले, की झाला तो बंगल्याचा 'राखणदार'! प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने कुत्र्याला अवाजवी काळ आखूड वा जड साखळीला बांधणे आणि सदा बांधलेल्या कुत्र्याला न फिरविणे, हे दोन्ही गुन्हेच ठरविले आहेत. हे किती मालकांना ठाऊक आहे?

कुत्रा सहसा न सांगता चावत नाही. अंग ताठ होते, कान मागे जातात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, ओठ वर उचलून तो दात दाखवितो, गुरगुरतो. गुरगुरणे ही त्याची खरी पाटी. पुष्कळ मालक गुरगुरल्याबद्दल त्याला बडवतात; मग तो गुरगुरणे सोडतो आणि थेट चावतो. जेवणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले असलेल्या कुत्रीजवळ मुलांना जाऊ देऊ नये. एरवी शांत असलेला कुत्रा एकाएकी अंगावर येऊ लागला तर त्याचा कान, दात, सांधा दुखत असेल. त्याला मारण्याऐवजी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. बाहेर काढताना पट्टा हवाच, चावऱ्याला मुसके हवे, आणि मोलकरीण घरात येण्याच्या वेळी त्याला वेगळ्या खोलीत ठेवणे हे तर साधे माणुसकीचे काम आहे. मुलांना शिकवावे की कुत्रा धावून आला तर पळायचे नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, खांबासारखे उभे राहायचे. खाली पडल्यास मान व कान हातांनी झाकून पोटाशी पाय घ्यायचे.

हे केवळ बंगलेवाल्यांना सांगून भागणार नाही. आपल्या वस्त्यांमध्येही घरोघरी कुत्री आहेत. अर्धी घरची, अर्धी गल्लीची. भाकरी घालतो म्हणून ती आपली, चावली की कोणाचीच नाही, असे चालणार नाही. तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी ती पुन्हा, एवढे तरी झाले पाहिजे.

आणि चावलेच तर? येथे आपल्या समाजाचे सर्वांत जास्त नुकसान अज्ञानाने होते. जखमेत मिरची, चुना, हळद भरणारे आहेत; कुत्र्याचे विष 'उतरविणाऱ्या' मांत्रिकाकडे जाणारेही आहेत. वयस्क मंडळींच्या मनात अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आहे. ती लस कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास तयार केली होती, मेंढीच्या मेंदूपासून. ती बंद होऊन वीस वर्षे उलटली. आता लस दंडात देतात, आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. कातडीत देण्याच्या पद्धतीत चावल्याचा दिवस, मग तिसरा, सातवा व अठ्ठाविसावा दिवस, अशा चार खेपा. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोबुलिनचे इंजेक्शनही लागते. ते डॉक्टरला आवर्जून विचारावे. त्याआधी, तेथल्या तेथे, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. धनुर्वाताचे इंजेक्शन म्हणजे रेबीजचे इंजेक्शन नव्हे. गल्लीतल्या डॉक्टरकडे धनुर्वाताचे घेऊन निश्चिंत होणारे कितीतरी आहेत! कुत्रा बांधून दहा दिवस पाहायचा असतो, पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवायची नसते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे, आणि यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा असतो.

जालना नगर परिषदेची २०२३ साली महानगरपालिका झाली. नाव मोठे झाले, आता काम दिसले पाहिजे. प्रत्येक प्रभागात पाळीव कुत्र्यांची नोंदणी सक्तीची करावी. लसीचा दाखला दाखविल्याशिवाय परवाना देऊ नये. वस्त्यांमध्ये लसीकरणाची शिबिरे भरवावीत, त्यासाठी २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन आहेच. घंटागाडीच्या कामगाराला चावा झाल्यास उपचाराच्या दिवसांची भरपगारी रजा द्यावी, मग तो कंत्राटी का असेना. आणि फाटकावर पाटी लावायचीच असेल, तर तिच्यावर कुत्र्याचा नोंदणी क्रमांक, त्याला शेवटची लस दिल्याची तारीख आणि मालकाचा फोन नंबर लिहिणे बंधनकारक करावे.